मापात पाप नसलेले राज्य

चीनला जाऊन आलो असे सांगितले की आपल्याकडची माणसे हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "तिथं खाल्लंत काय?" आणि दुसरा, "ती भिंत पाहिलीत का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमची सौ. माझ्याहून चांगले देते. कारण थालीपिठाची भाजणी आणि मेतकुटाची बरणी तिनेच इथून उचलून नेली होती. दुसऱ्या प्रश्नाला मी "नाही" म्हटले की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. पंढरपूरला जाऊन विठोबा न पाहता परतलेल्या माणसाकडे पाहावे तसा तो माझ्याकडे पाहू लागतो. मग मी घाईघाईने सांगतो की, भिंत राहिली खरी, पण मी एक माप पाहिले. यावर तो घड्याळाकडे पाहतो. तेव्हा दिवाळीच्या चार दिवसांत ज्यांना घड्याळाची घाई नाही, अशा वाचकांना तरी ती मापाची हकिगत सांगावी म्हणून हा खटाटोप.

माझा मेव्हणा त्या वेळी शांघायला एका कंपनीत नोकरीला होता. "ताईला घेऊन एकदा याच, भाऊजी," असे तो तीन वर्षे म्हणत होता. शेवटी २०१९ च्या मे महिन्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे केले आणि आम्ही उभयता निघालो. मी मराठीचा प्राध्यापक. चिनी भाषेतले 'नी हाव' आणि 'श्ये श्ये' एवढे दोनच शब्द मला येत. पण नमस्कार आणि आभार एवढ्या भांडवलावर माणूस जगात कुठेही चार दिवस काढू शकतो, असा माझा अनुभव आहे.

शांघायचे वस्तुसंग्रहालय बाहेरून एखाद्या प्रचंड प्राचीन भांड्याच्या घाटाचे आहे. आत कांस्यवस्तूंचे दालन. पूजेची भांडी, मद्याची भांडी, त्यांच्यावर राक्षसांचे डोळे वटारलेले मुखवटे. नक्षी अशी की पाहणाऱ्याचीच दमछाक व्हावी. आणि त्या सगळ्या थाटामाटात एका काचेआड एक साधा चौकोनी डबा ठेवलेला होता. नक्षी नाही, मुखवटा नाही, मागे एक आखूड मूठ. सौ. नेमकी त्याच्यापुढे थबकली.

"अहो, हे तर आपलं चिपटं!"

खरोखरच ते चिपटे होते! आजोळी कोठीच्या खोलीत शेर, मापटे आणि चिपटे असे एकात एक बसवून ठेवलेले असायचे. आजी दाणे मोजताना वरून हात फिरवून माप सपाट करी आणि मोलकरणीला देताना मात्र शीग ठेवी. तेच चिपटे इथे काचेआड बसले होते. मुठीसकट लांबी जेमतेम एकोणीस सेंटिमीटर. आत सुमारे २०० मिलिलिटर मावेल एवढी जागा. पण त्याच्या अंगावर अक्षरे कोरलेली होती, आणि ती मेव्हण्याने पाटी वाचून मला सांगितली. छिन राज्याचा मंत्री शांग यांग याने इ.स.पू. ३४४ मध्ये हे माप ठरवून दिले. त्याची घनफळाची किंमतही तिथेच कोरली होती: त्यांच्या सोळा पूर्णांक एक पंचमांश घन इंचांएवढे. म्हणजे उद्या हे माप हरवले तरी कुणीही पट्टीने मोजून नेमके तेवढेच दुसरे करावे. आणि तळाला आणखी एक लेख होता, पहिल्यानंतर एकशे तेवीस वर्षांनी, इ.स.पू. २२१ मध्ये कोरलेला. त्या वर्षी छिनच्या राजाने उरलेली सहाही राज्ये जिंकून संपवली होती आणि तो स्वतःला छिन शिहुआंग, म्हणजे छिनचा आदिसम्राट म्हणवू लागला होता. सगळ्या साम्राज्यात मापे एक करा, अशी त्याची आज्ञा त्या जुन्याच मापाच्या बुडाला कोरली होती. मंत्री जाऊन शतक लोटले. माप तसूभरही बदलले नव्हते.

'मापात पाप' ही आपल्याकडची म्हण. व्यापारी कितीही टिळे लावो, आपली आजी त्याच्या मापाकडेच बघणार. इथे एक राज्य असे होऊन गेले की, ज्याने मापातले पाप काढून टाकायचे व्रतच घेतले होते. मग ते राज्य किती टिकले? पहिला सम्राट झाल्यापासून अवघी पंधरा वर्षे! हे कोडे डोक्यात घेऊन मी त्या दालनातून बाहेर पडलो.

शांघायहून शीआनला जलद गाडीने सहा-सात तास लागतात. बाहेर गव्हाची शेते पळत होती, आणि आत मी, मास्तरकीच्या सवयीने, बायकोला आणि मेव्हण्याला शांग यांग शिकवत होतो. प्रवासाआधी मिळतील ती पुस्तके वाचून मी तयारीत होतो.

तो काळ चीनमधल्या राज्याराज्यांच्या कायमच्या युद्धांचा. कन्फ्यूशियसचे अनुयायी सांगत होते की, राजा सज्जन असला, त्याने विधी आणि शिष्टाचार पाळले, की प्रजा आपोआप सुधारते. यावर दुसऱ्या एका पंथाचे म्हणणे असे की, सज्जन राजा हजार पिढ्यांत एखादा, दुष्ट राजाही तसाच विरळा. बाकीचे सगळे तुमच्या-आमच्यासारखे मधले. या मधल्यांच्या हातून राज्य नीट चालले पाहिजे, आणि त्याला माणसाच्या मनाचा भरवसा उपयोगाचा नाही. त्याला 'फा' पाहिजे. या 'फा' शब्दाचा अर्थ कायदा. पण त्याबरोबरच नमुना, कसोटी आणि माप असाही आहे. म्हणून या मंडळींना पुढे 'फाजिया' हे नाव पडले. इंग्रजीत त्यांना लीगॅलिस्ट म्हणतात. आपल्याकडचा 'दंडनीती' हा शब्द त्यांना लावावासा वाटतो. पण त्यात दंड तेवढा येतो, माप येत नाही. म्हणून मी आपला त्यांना कायदेपंथी म्हणतो.

शांग यांग हा त्यांच्यातला कर्ता पुरुष. वेइ राज्यात तो एका वृद्ध मंत्र्याच्या हाताखाली होता. मरणशय्येवरून मंत्र्याने राजाला सांगितले, "याला तरी मंत्री करा, नाही तर ठार तरी मारा, दुसऱ्या राज्यात जाऊ देऊ नका." राजाने दोन्हीपैकी काहीच केले नाही. इ.स.पू. ३६१ च्या सुमारास शांग यांग पश्चिमेकडच्या छिन राज्यात आला. इतर राज्ये त्या राज्याला रानटी समजत. तिथे नवे कायदे तर तयार झाले. पण सरकार बोलते ते करते यावर लोकांचा विश्वास कसा बसावा? म्हणून त्याने राजधानीच्या बाजाराच्या दक्षिण दरवाजाशी वीस-बावीस फुटी लाकडाचा एक वासा उभा केला आणि दवंडी पिटली: जो हा वासा उत्तर दरवाजाला नेईल त्याला दहा सुवर्ण. लोक हसले. कुणी हात लावीना. मग त्याने बक्षीस पन्नास केले. शेवटी एकाने, होईल ते होवो म्हणून, वासा उचलून नेला. त्याला तिथल्या तिथे पन्नास सुवर्ण मोजून मिळाले. मग कायदे जाहीर झाले.

"वा!" मेव्हणा म्हणाला. "आमच्या कंपनीनं बोनस जाहीर केला तर आम्ही पण असेच हसतो."

कायदे सोपे आणि कडक होते. जन्माने मिळालेला मोठेपणा रद्द. लढाईत पराक्रम करील तो वर चढेल, राजाचा नातेवाईक असला आणि पराक्रम शून्य असला तर राजकुळाच्या यादीतून नाव कमी. भरपूर धान्य पिकवणाऱ्याला वेठ माफ. आपापसांत मारामारी करणाऱ्याला शिक्षा. आणि पाच-पाच, दहा-दहा घरांचे गट बांधलेले. एकाने गुन्हा केला आणि शेजाऱ्याने कळवले नाही तर शेजाऱ्यालाही शिक्षा.

"म्हणजे शेजारच्या काकूंवर मी नजर ठेवायची?" सौ. म्हणाली. "मग हळदीकुंकवाला कुणाकडे जायचं?"

या प्रश्नाचे उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळाले नव्हते. मी पुढे गेलो. वर्षभरात हजारो लोक राजधानीत तक्रार घेऊन आले, आणि त्याच सुमारास युवराजानेच कायदा मोडला. शांग यांगने युवराजाला हात लावला नाही. पण त्याच्या एका शिक्षकाला शिक्षा केली आणि दुसऱ्याच्या तोंडावर डाग दिले. (शिष्याच्या पापाची फेड मास्तराने करावी ही प्रथा किती जुनी आहे पाहा!) दुसऱ्या दिवसापासून सगळे कायदा पाळू लागले. दहा वर्षांनी, इतिहासकार सिमा छिएन सांगतो, रस्त्यात पडलेली वस्तू कुणी उचलत नव्हते, डोंगरात दरोडेखोर उरले नव्हते. तेव्हा ज्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या त्यांतले काही येऊन कायद्यांची स्तुती करू लागले. शांग यांगने त्यांनाही सीमेवर हद्दपार केले. कायद्याला नावे ठेवणारा जसा उपद्रवी, तसा त्याला नावाजणाराही! त्यानंतर कायद्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मेव्हणा मिस्कीलपणे बहिणीकडे पाहत म्हणाला, "परीक्षेच्या दिवसांत भाऊजींचंही असंच असतं, नाही का गं ताई?"

सौ. हसली नाही. तिला काय आठवले ते मला समजले, आणि मला आठवले ते तिलाही समजले असावे.

ती गोष्ट त्याआधी चार वर्षांची. आमचे कॉलेज मुंबईच्या उपनगरात. परीक्षेला मी वरिष्ठ पर्यवेक्षक होतो. अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर झालेल्या विद्यार्थ्याला आत घ्यायचे नाही, असा नियम. एके दिवशी तिथल्या एका बड्या असामीचे चिरंजीव पाऊण तास उशिरा आले. कारण झोप. मी त्यांना परत पाठवले. मग फोन आले, एका मागून एक, चढत्या श्रेणीने. मी घड्याळ आणि नियम यांच्यापलीकडे एक शब्द बोललो नाही. शिपायापासून सगळ्यांनी माझ्याकडे त्या दिवशी आदराने पाहिले. नियमात केवढी ताकद असते! एका साध्या मास्तराच्या पाठीमागे तो उभा राहिला की बड्या असामीलाही परत जावे लागते.

दुसऱ्या दिवशी परतीचा पाऊस कोसळला. पेपर सुरू होऊन चाळीस मिनिटे झाली आणि एक मुलगा निथळत दाराशी उभा राहिला. "सर, गाडी मध्येच थांबली. रुळांवरून चालत आलो." त्याच्या बुटांतून पाणी येत होते. मी त्याला घड्याळ दाखवले. काल त्याला परत पाठवले आणि आज याला आत घेतले तर तो नियम कसला? तो काही बोलला नाही. त्याने फक्त पिशवीत गुंडाळलेले ओळखपत्र पुन्हा गुंडाळले आणि तो गेला. त्या रात्री मला शांत झोप लागली होती, हे इथे नमूद केले पाहिजे.

गाडी झेंगझोऊला थांबली. हान फेइ या प्रदेशातला, हान राज्याचा राजपुत्र. कायदेपंथाला पूर्ण शास्त्राचे रूप त्याने दिले. बोलताना अडखळे, म्हणून लिहू लागला, आणि लिहिले ते असे की, वाचताना कुठे अडखळायला होत नाही. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. एक माणूस जोडा घेण्यासाठी घरी पायाचे माप काढतो आणि बाजारात जाताना ते विसरतो. जोडा हातात घेतो, तेव्हा त्याच्या लक्षात येते. तो माप आणायला घरी धावतो, आणि येईपर्यंत बाजार उठतो. लोक विचारतात, "अरे, पाय घालून का पाहिला नाहीस?" तो म्हणतो, "माझा विश्वास मापावर, पायावर नाही." हान फेइने ही गोष्ट जुन्या ग्रंथांना चिकटून राहणाऱ्या पंडितांची टर उडवण्यासाठी सांगितली. आपल्याच पंथाला ती एक दिवस लागू पडेल, हे त्याच्या मनात आले असेल का?

शीआनच्या पूर्वेला तीसेक किलोमीटरवर लिनतोंग. १९७४ च्या मार्चमध्ये तिथले शेतकरी विहीर खणत होते, आणि पाण्याऐवजी मातीचे सैनिक लागले. पहिल्या खंदकावर आता विमानतळावरच्या हँगरसारखे छप्पर आहे. खंदक २३० मीटर लांब, ६२ मीटर रुंद. खाली रांगेत उभे, माणसाएवढ्या उंचीचे सैनिक. प्रत्येकाचा चेहरा निराळा. कुणी आपल्या कोल्हापूरच्या पैलवानासारखा, कुणी नुकताच मिसरूड फुटलेला. सगळे मिळून आठ हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. बरेचसे अजून मातीखालीच आहेत.

आमची वाटाडी, एक चुणचुणीत मुलगी, इंग्रजीत सांगत होती की, काही सैनिकांच्या अंगावर कारागिरांची नावे कोरलेली किंवा उठवलेली सापडली आहेत. अशी ऐंशीहून अधिक नावे मिळाली आहेत. मी भारावलो. आमच्या संतकवींनी अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले, तशीच ही मातीतली नाममुद्रा! मी तिला तसे म्हटले. ती हसून म्हणाली, "नाही सर. पुतळ्यात खोट निघाली तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून."

मी पुन्हा एकदा खाली पाहिले. म्हणजे हेही मापच होते. शस्त्रांवरसुद्धा अशीच नावे आहेत. मंत्र्यापासून कारागिरापर्यंत, उतरत्या क्रमाने. आज आपण ज्याला कामाची जबाबदारी निश्चित करणे म्हणतो, ती यांनी बावीसशे वर्षांपूर्वी केली होती, आणि म्हणूनच मातीचे सैनिक अजून उभे आहेत. चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे.

पण तिने आणखी एक गोष्ट सांगितली. १९७९ मध्ये जवळच्याच एका खेड्यात समाधीवर राबलेल्या मजुरांची थडगी सापडली. काहींच्या हाडांबरोबर कौलांचे तुकडे होते, आणि त्यांवर घाईघाईने खरडलेले: अमक्या गावचा, अमुक नावाचा, आणि कुणाकुणापुढे, दंड फेडण्यासाठी कामावर होता, अशा अर्थाची अक्षरे. सरकारी दंड भरायला पैसे नाहीत, तर राबून फेडायचा. दर ठरलेला: दिवसाला आठ नाणी, सरकारी जेवण जेवलात तर सहा. हिशोबात एका नाण्याची लबाडी नाही. फक्त हिशोब पुरा होण्याआधी माणूस संपला, आणि त्याच्या नावाचे कौल त्याच्याजवळ राहिले.

सम्राटाची समाधी म्हणजे झाडांनी झाकलेली एक टेकडी. ती अजून उघडलेली नाही. त्या मे महिन्यात तिथल्या डाळिंबांच्या झाडांना लालभडक फुले आली होती. आम्ही तिथे बसून मेतकूट-पोळी खाल्ली, आणि सौ. म्हणाली, "ती मघाची गोष्ट पुरी करा. त्या मंत्र्याचं पुढं काय झालं?"

इ.स.पू. ३३८ मध्ये त्याचा आश्रयदाता राजा वारला आणि तोच युवराज गादीवर आला, ज्याचे मास्तर शांग यांगने डागले होते. बंडाचा आरोप आला. शांग यांग पळाला. सीमेजवळ एका सराईत त्याने रात्रीपुरता आसरा मागितला. सराईवाला त्याला ओळखत नव्हता. तो म्हणाला, "ओळखपत्राशिवाय कुणाला ठेवलं तर शांग यांगच्या कायद्यानं मला शिक्षा होते." पुढे तो मारला गेला, रथांना बांधून त्याच्या देहाचे तुकडे केले गेले, घरदार नष्ट झाले. पण कायदे राहिले. माणूस गेला तरी व्यवस्था टिकली; कायदेपंथाचा याहून मोठा विजय कोणता!

हान फेइचे लेखन वाचून छिनचा राजा मोहून गेला. पण हान फेइ प्रत्यक्ष छिनला आला तेव्हा त्याचाच जुना सहाध्यायी ली स याच्या कारस्थानाने तो तुरुंगात पडला, आणि इ.स.पू. २३३ मध्ये तिथेच विष घेऊन मेला. हा ली स पुढे आदिसम्राटाचा मुख्य मंत्री झाला. लिपी एक, वजने एक, गाड्यांच्या आसांची रुंदी एक, साम्राज्याचे ३६ प्रांत आणि त्यांवर वंशाने नव्हे तर नेमणुकीने आलेले अधिकारी, हे सगळे त्याच्या कारकिर्दीतले; आणि इ.स.पू. २१३ मध्ये जुने ग्रंथ जाळायची सूचनाही त्याचीच. जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन लोक आजच्या कारभाराला नावे ठेवतात, ही त्याची तक्रार होती.

इ.स.पू. २१० मध्ये सम्राट दौऱ्यावर असताना मेला. चाओ काओ हा खोजा आणि ली स यांनी ते लपवले. प्रेताचा वास लपवायला गाड्यांत खारवलेली मासळी भरली. आणि थोरला मुलगा फूसू याच्या नावाने खोटी आज्ञा धाडली: आत्महत्या कर. त्याच्याबरोबरचा सेनापती म्हणाला, एकदा विचारून खात्री करून घ्या. फूसू म्हणाला, बापाने मर म्हटल्यावर पुन्हा विचारायचे काय? आणि त्याने जीव दिला. शिक्का पाहायचा आणि प्रश्न विचारायचा नाही, हेच शिक्षण सगळ्या राज्याला मिळाले होते. खोटा शिक्का खऱ्याइतकाच चालला.

दोन वर्षांत चाओ काओने ली सलाच तुरुंगात टाकले. त्याने आपली माणसे सम्राटाचे तपासनीस म्हणून पाठवली. ली सने खरे सांगितले की ते त्याला झोडपत. असे पुन्हा पुन्हा झाले. शेवटी सम्राटाचा खरा तपासनीस आला, तेव्हा ली स न केलेला गुन्हा कबूल करून बसला. कारण खरे बोलून ऐकणारा कुणी असतो यावर त्याचा विश्वास उरला नव्हता. इ.स.पू. २०८ मध्ये भर बाजारात त्याला कमरेतून तोडले.

मला तो बाजारातला वासा आठवला. सरकार बोलते ते करते, हा विश्वास शांग यांगने पन्नास सुवर्ण मोजून निर्माण केला. पण आपण बोललेले सरकार ऐकते, हा दुसरा विश्वास निर्माण करायचे त्याच्या योजनेतच नव्हते. तक्रार करणारेही हद्दपार, स्तुती करणारेही हद्दपार. वरून खाली जाणारा रस्ता त्याने राजमार्गासारखा बांधला. खालून वर येणारी पाऊलवाटही ठेवली नाही.

आम्ही परत आलो आणि आठवड्यात पाऊस सुरू झाला. डोक्यात शिरलेला किडा काही केल्या जाईना. एका ग्रंथालयात मला हुल्सवे या डच पंडिताचे, १९८५ मध्ये लायडनहून निघालेले पुस्तक मिळाले. १९७५ च्या डिसेंबरात हूपेइ प्रांतात शुइहुदी इथे एका छोट्या अधिकाऱ्याची कबर सापडली. तो इ.स.पू. २१७ च्या सुमारास वारलेला. त्याच्या देहाभोवती हजाराहून जास्त बांबूच्या पट्ट्या होत्या, आणि बहुतेकींवर छिनचे कायदे लिहिलेले. आमच्यात मेलेल्याजवळ कुणी गीता ठेवील. या गृहस्थाने कायदे बरोबर नेले!

ते कायदे वाचताना मी चकित झालो. सरकारी बैलांची वर्षातून चार वेळा तपासणी. चांगले राखणाऱ्याला मद्य आणि सुके मांस बक्षीस. नांगराच्या बैलाचा घेर घटला तर दर इंचाला दहा फटके. वजनमापात ठरावीक फरक निघाला तर अधिकाऱ्याला दंड. वसंतात झाडे तोडायची नाहीत. आणि पाऊस पडला की तो किती शेतांना लाभला ते वरती लेखी कळवायचे. जवळच्या जिल्ह्याने धावत्या जासुदाकरवी, लांबच्याने टपालाने.

मग वेठीचे कलम आले. तीन ते पाच दिवस उशीर, तर कानउघाडणी. सहा ते दहा दिवस, तर एका ढालीचा दंड. त्याहून जास्त, तर एका चिलखताचा. आणि पुराने-पावसाने अडथळा आला, तर ती वेठच रद्द.

मी पुस्तक मिटले. बाहेर पाऊस कोसळत होता.

छिन साम्राज्य कशाने कोसळले हे सिमा छिएनने लिहून ठेवले आहे. इ.स.पू. २०९ मध्ये नऊशे माणसे सक्तीच्या कामगिरीवर सीमेकडे निघाली होती. पावसाने रस्ते बुडाले, मुदत चुकली. मुदत चुकली की शिरच्छेद. चेन शंग आणि वू ग्वांग या दोघांनी हिशोब केला: गेलो तरी मरण, पळालो तरी मरण, मग बंडच का करू नये? त्या ठिणगीने तीन वर्षांत साम्राज्य जळाले. आता पट्ट्यांवरचे कलम वेठीचे. सैन्याच्या भरतीचा नियम वेगळा असेल, किंवा मधल्या वर्षांत कायदा अधिक क्रूर झाला असेल. पंडितांचा यावर वाद चालू आहे. पण मला त्या नऊशे माणसांची आठवण होत होती. कायद्यात पाऊस असेलही. त्यांच्यापैकी एकालाही असे वाटले नाही की, आपण जाऊन "पाऊस होता" म्हटले तर कुणी ऐकून घेईल. ज्या राज्यात पावसाचा लेखी अहवाल वर जात होता, त्या राज्यात चिंब भिजलेल्या माणसाचे तोंडी म्हणणे वर जात नव्हते.

विशेष असे की, पुढे आलेल्या हान घराण्याने हे कायदे फेकून दिले नाहीत. पहिल्या हान सम्राटाने 'खून, इजा आणि चोरी' एवढी तीनच कलमे ठेवू म्हणून लोकांना खूष केले खरे. पण तीन कलमांवर साम्राज्य चालते थोडेच! त्याच्या मंत्र्याने राजधानी पडताच सोन्याकडे न धावता छिनची दप्तरे ताब्यात घेतली होती. ती उपयोगी पडली. फरक पडला तो दुसरीकडे. इ.स.पू. १६७ मध्ये थि-यिंग नावाच्या मुलीच्या बापाला अवयव तोडण्याची शिक्षा व्हायची होती. तिने सम्राटाला अर्ज लिहिला की, तोडलेला अवयव पुन्हा जोडता येत नाही. मग माणसाने सुधारायचे ठरवले तरी त्याला वाट कुठली? अर्ज पोहोचला. वाचला गेला. सम्राटाने ती शिक्षाच बंद केली. तिच्या जागी आलेल्या फटक्यांनीही माणसे मरत, म्हणून पुढे फटके कमी करावे लागले. कायद्याची दुरुस्ती अशी चाचपडत होते. पण ती होण्यासाठी अर्ज वर जावा लागतो.

आपल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्राची तुलना या पंथाशी नेहमी केली जाते. त्यालाही हेर हवेत, मापे हवीत. कोठारापाशी पाऊस मोजायचे पात्रसुद्धा हवे. पण कठोर दंड करणाऱ्याला लोक भितात, सौम्य दंड करणाऱ्याला जुमानत नाहीत, आणि योग्य दंड करणाऱ्याला मान देतात, असा तिसरा विचार त्याने मांडला आहे. त्या 'योग्य'ला माप नाही. तो माणसाने ठरवायचा, आणि तिथेच सगळी पंचाईत आहे.

त्या पावसात मी कपाटातून आमच्या परीक्षेची नियमपुस्तिका काढली. अर्ध्या तासाच्या नियमाचे पान मला पाठ होते. पुढचे पान मी कधी उलटले नव्हते. तिथे लिहिले होते: सबळ कारण असल्यास ते लेखी नोंदवून, केंद्रप्रमुखांच्या अनुमतीने प्रवेश देता येईल. केंद्रप्रमुख त्या दिवशी खालच्या मजल्यावर चहा घेत होते. मला एक जिना उतरायचा होता. पण उतरलो असतो तर कारण सबळ आहे की नाही ते मला ठरवावे लागले असते आणि खाली सही करावी लागली असती. नियमाच्या आड उभे राहायला फार सुरक्षित वाटते. तिथे कुणाचीच सही लागत नाही.

त्या मुलाचा विषय सहा महिन्यांनी सुटला. तो आता नोकरीला आहे. स्टेशनवर भेटला की वाकून "नमस्कार सर" म्हणतो, आणि मला त्याच्या बुटांकडे पाहावत नाही.

त्यानंतरच्या एका परीक्षेत पुन्हा तसाच पाऊस झाला. पस्तीस मिनिटे उशिरा एक मुलगी आली, निथळत. मी तिला बाकावर बसवले आणि जिना उतरलो. हान फेइ हसला असता. आज तू पाऊस लिहिशील, उद्या बड्या असामीचे चिरंजीवही पाऊसच लिहून आणतील! त्याचे म्हणणे खोटे नाही. म्हणून तर कारण लेखी नोंदवायचे. मी नोंदवहीत रकाना शोधला, 'पाऊस' असा एकच शब्द लिहिला, आणि पुतळ्यात खोट निघाली तर कुणाला धरायचे ते कळावे म्हणून त्याखाली माझे नाव लिहिले.